जुलैतला वाढदिवस

सगळ्यात आधी गिझर बंद करायचा.
जुलैत मस्कतला गार पाण्याचा नळ चटका देतो,
आणि बंद गिझरमधलं तेवढं कोमट राहतं,
अंघोळीपुरतं.
हे मला इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं.
बाकीचं कळायला आणखी वेळ लागला.

जुलैत जन्मलेल्या मुलांना इथे मित्र नसतात.
शाळा सुटते, तिकिटं निघतात,
बिल्डिंगच्या बिल्डिंग कोची-पुण्याला उडून जाते,
पार्किंगमध्ये गाड्यांवर धूळ बसते, बोटाने नावं लिहिण्याइतकी.
म्हणून गेल्या वर्षी आम्ही तो जूनमध्येच उरकला,
सव्वा महिना आधी.
फ्रीजवर उंटाच्या चुंबकाखाली बेचाळीस ओळींची यादी:
हॉल, हॉलचं डिपॉझिट, फुग्यांची कमान,
हिंदी बोलणारा जादूगार, अंड्याचा केक, बिनअंड्याचा केक,
परतभेटी एकोणीस, जास्तीच्या तीन.
ऋजुताने मेणबत्त्या मोजल्या, सहा,
आणि माइकवर विचारलं,
"पण आई, आज मी पाचच आहे ना?"
सगळे हसले. मीही हसले असणार.
फोटोंत मी कडेला आहे,
हातात प्लेटा, ओठ किंचित हलताहेत,
मोजतेय.

यंदा तिकिटं परवडली नाहीत.
हे कुणाला सांगायचं नव्हतं,
आता सांगून झालं.

यंदा यादी तिने केली, जुन्या वहीच्या मागच्या पानावर:
यूसुफ.
मारिसेल आंटी, झोपली नसेल तर.
वॉचमन अंकल.
आजी फोनमधली.
बाबा (जागा).

बस.
मी पेन घेऊन खाली काहीतरी वाढवायला बसले
आणि मला काही सुचेना.
सासूबाईंनी विचारलं, "माणसं किती?"
"आपण धरून सहा. शिवाय तुम्ही."
"एवढीच?"
"सगळ्यांची नावं मला येतात."
त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या,
"शिऱ्यात केळं घाल."

फुगे मी गाडीतच विसरले होते.
दुपारी दोनला पार्किंगमध्ये एकेक करून फुटले,
यूसुफ खिडकीतून मोजत होता, अरबीत,
आठापर्यंत.

संध्याकाळी मारिसेल रात्रपाळीच्या कपड्यांतच आली,
भलं मोठं पातेलं शेवयांचं:
तोडायच्या नाहीत म्हणे, लांब शेवई, लांब आयुष्य.
मी निरांजन लावलं,
स्मोक अलार्मखाली टॉवेल धरून यूसुफ खुर्चीवर उभा.
शमसुलभाई शर्टाची वरची गुंडी लावून दारातच थांबले,
मग खिशातून लिफ्टची किल्ली काढली:
तळमजला ते गच्ची, मधे न थांबता,
तीन फेऱ्या.
एवढी भेट मी कुठल्याच दुकानात पाहिली नव्हती.

तिसऱ्या फेरीहून सगळे वर आले
तर हेरंब सोफ्यावर झोपलेला.
पहाटे चारचा उठलेला माणूस,
साइटवरचं हेल्मेट अजून पायाशी.
मी हलवायला पुढे झाले,
यादीतला एकच मुद्दा, तोही निसटत होता,
आणि माझ्या पोटात तो जुना गोळा आला,
हॉलमधला.

ऋजुताने माझा हात धरला.
त्याच्याकडे बघितलं, मेणबत्त्यांकडे बघितलं.
"हळू म्हणूया," ती म्हणाली.

मग आम्ही गाणं कुजबुजलो,
पाच जण आणि फोनमधली एक,
तीन-चार देशांच्या उच्चारांत,
एसीच्या घरघरीपेक्षा थोडंच वर.
शमसुलभाईंनी टाळ्या एका बोटाने वाजवल्या.
तिने फुंकर मारली. सात.
मी पाहिलं. अगदी समोरून.

हेरंब साडेनऊला जागा झाला,
पोटावर कागदी प्लेट, प्लेटमध्ये केक,
केकमध्ये न पेटवलेली आठवी मेणबत्ती.
"झालं?" त्याने विचारलं.
"थांबलोय," ती म्हणाली,
आणि काडेपेटी शोधायला
स्वयंपाकघरात धावली.